खांद्यावरचं आणि ट्रकमधलं

श्रोतेहो, वैशाख उतरणीला लागला की आमच्या अंबड भागात एक प्रश्न दरवर्षी कानावर येतो. कधी कारखान्याच्या गेटवर, कधी गरवारे पॉइंटच्या चहाच्या टपरीवर, कधी पवननगरच्या बाजारात भाजी घेताना. ‘‘यंदा पिशवी कुठली घ्यावी?’’ विचारणारा माणूस वारीला निघालेला असतो. आणि गेली काही वर्षं हा प्रश्न फिरत फिरत माझ्या दारी येऊन थांबतो.

तुम्ही म्हणाल, हा कवी माणूस, त्यातून मुसलमान, याला वारीच्या पिशवीचं काय कळणार? शेख महंमदांनी श्रीगोंद्यात राहून मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. त्या मानाने पिशवीवर चार शब्द बोलणं ही फारच किरकोळ आगळीक आहे. शिवाय माझ्याकडे दोन पुरावे आहेत. एक म्हणजे माझे वडील शिंपी होते. लग्नसराई संपली, की त्यांच्या मशीनवर कापडी पिशव्या आणि पडशा यायच्या, आणि त्यांना काजं-बटणं करण्याचं नसलं तरी दोरे तोडण्याचं काम माझ्याकडे असायचं. दुसरा पुरावा असा, की बी. ए. होऊन मी कविता लिहू लागलो खरा, पण पोट भरलं ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. स्टोअरच्या माणसाला एकच विद्या येते. कुठली वस्तू कुठे ठेवली म्हणजे वेळेला हाताशी येते, ही. वारीची पिशवी निवडताना हीच विद्या कामी येते.

आधी वारीबद्दल थोडं सांगतो, कारण पिशवी वाटेवर ठरते, दुकानात नव्हे. आमच्या भागातले बहुतेक वारकरी संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जातात. ही पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघते. सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर तालुका, पुढे राहुरी, नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, मिरजगाव, कर्जत, जेऊर, करकंब असं करत ती आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोचते. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. दिवस पंचवीस-सव्वीस. म्हणजे रोजची चाल वीसेक किलोमीटर पडते, कुठे कमी, कुठे जास्त. निघताना ऊन असतं, मध्येच पाऊस गाठतो, आणि कर्जत-जेऊरच्या बाजूला पुन्हा ऊन. एकाच प्रवासात घामही येतो आणि चिखलही लागतो.

या वारीची एक सोय मात्र जगातल्या फार थोड्या पायी यात्रांना असेल. दिंडीबरोबर ट्रक असतो. अंथरूण-पांघरूण, जास्तीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शिधा, राहुट्या, सगळं त्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जातं. स्पेनमध्ये सान्तियागो नावाचं तीर्थ आहे. फ्रान्सच्या सरहद्दीपासून सुमारे पावणेआठशे किलोमीटर चालत लोक तिथे जातात. त्यांतले पुष्कळजण महिनाभराचा संसार स्वतःच्या पाठीवर वाहतात. आपल्या वारकऱ्यावर ती वेळ नाही. म्हणून आपल्याकडे पिशवी घेताना पहिला प्रश्न ‘किती मावतं?’ हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, ‘ट्रकमध्ये काय जाणार आणि खांद्यावर काय राहणार?’

हा प्रश्न चुकला तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या कारखान्यात एक फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. पंधरा-सोळा वाऱ्या केलेले, टाळकरी. पूर्वी त्यांच्या खांद्याला एक साधी कापडी पिशवी असायची. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीच्या बसमधून पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षांत अण्णा निवृत्त झाले आणि त्यांना साखरेचा आजार जडला. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा मुलाने हौसेने वडिलांसाठी डोंगर चढणाऱ्यांची पन्नास लिटरची मोठी सॅक आणली. निळी, दहा कप्प्यांची. मोठं घर मिळालं की सामान आपोआप वाढतं, तसं झालं. वहिनींनी लाडू भरले, मुलाने बॅटरी आणि छत्री भरली, सुनेने तीन जोड कपडे भरले. निघताना कुणी वजन केलं नाही. नंतर हिशेब मांडला तेव्हा ते नऊ किलोंच्या वर भरलं.

पळशाच्या मुक्कामापर्यंत अण्णांनी ती सॅक ओढत नेली. खांद्यावर वळ उठले, मान आखडली. टाळ धरलेला हात वर जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी वैतागून त्यांनी अख्खी सॅक ट्रकमध्ये टाकली आणि मोकळ्या अंगाने चालू लागले. त्या दिवशी त्यांना पंख फुटल्यासारखं वाटलं, असं ते नंतर म्हणाले. पण सॅकबरोबर गोळ्या गेल्या, बिस्किटांचा पुडा गेला, साखरेची पुडीही गेली. सकाळची गोळी त्यांनी घेतलेली होती. दुपारी पाऊस आला, रस्ता तुंबला, ट्रक मागे अडकला आणि जेवणाला दोन-अडीच तास उशीर झाला. सिन्नरच्या पुढे अण्णांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. टाळाचा ठेका चुकला म्हणून शेजाऱ्याने वळून पाहिलं, तर हे रस्त्यात भलतीकडेच चाललेले. बोलणं असंबद्ध. दुसऱ्या एका दिंडीतल्या म्हाताऱ्या बाईने ओळखलं. तिच्या घरात तो आजार असावा. तिने कमरेच्या पिशवीतून खडीसाखर काढली, त्यांच्या तोंडात घातली, मग केळं दिलं. पंधरा-वीस मिनिटांत माणूस ठिकाणावर आला. संध्याकाळी मुलगा आला आणि त्यांना घरी घेऊन गेला. वहिनींनी सांगून टाकलं, ‘‘झाली तेवढी वारी पुष्कळ झाली.’’

जड पिशवीने खांदे दुखतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिचा खरा धोका हा नाही. जड पिशवी आपण केव्हातरी टाकून देतो, आणि तिच्याबरोबर जे अंगावर असायलाच हवं होतं तेही जातं. म्हणून पिशवी अशी हवी, की पंचवीस दिवसांत एकदाही ती ट्रकमध्ये टाकावीशी वाटू नये. बाकीचे सगळे नियम या एका नियमाच्या पोटातले आहेत.

पुढच्या वर्षी चैत्रात अण्णा माझ्या घरी येऊन बसले. वहिनीही बरोबर होत्या. अण्णा काही बोलेनात. वहिनीच म्हणाल्या, ‘‘भाई, ह्यांना जेवण जात नाही. डॉक्टर म्हणतात, नीट काळजी घेतली तर जाऊ द्या. तुम्ही स्टोअरचं बघता. एक पिशवी भरून दाखवा. माझं समाधान झालं तर जातील.’’ कवितेला दाद मिळते, क्वचित मानधनही मिळतं. पण एवढी जोखमीची फर्माईश मला आयुष्यात कुणी केली नव्हती.

आम्ही पहिल्यांदा पिशवी घेतलीच नाही. सतरंजीवर सामान मांडलं आणि त्याचे दोन ढीग केले. कसोटी एकच. ट्रक रात्रीपर्यंत आला नाही, तर कशावाचून अडेल? ज्यावाचून अडेल ते खांद्यावर. बाकी सगळं ट्रकमध्ये. खांद्याच्या ढिगात आलं ते असं : दोन दिवसांची औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, साखरेची पुडी आणि थोडा कोरडा खाऊ, लिटरभर पाणी, कपड्यांचा एक जोड, पंचा, पावसासाठी प्लॅस्टिकचा मोठा कागद, फोन आणि त्याचा चार्जर, हरिपाठाची छोटी पोथी. औषधांचा उरलेला साठा ट्रकमधल्या पेटीत. सगळी औषधं एकाच ठिकाणी ठेवू नयेत. एक जागा हरवली तर दुसरी असते. ज्यांना इन्सुलिन लागतं, त्यांनी तर ते ट्रकमध्ये मुळीच ठेवू नये. ज्येष्ठातल्या उन्हात उभ्या असलेल्या ट्रकच्या पोटात भट्टी पेटलेली असते, आणि उष्णतेने इन्सुलिन खराब होतं. ते बरोबर कसं न्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग वजन केलं. किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. पाणी एक किलो. कपडे सातशे ग्रॅम. प्लॅस्टिकचा कागद तीनशे. खाऊ तीनशे. औषधं दोनशे. पंचा दीडशे. फोन आणि चार्जर मिळून चारशे. पोथी शंभर. बेरीज झाली तीन किलो दीडशे ग्रॅम. त्यात रिकाम्या पिशवीचे सहाशे धरले, तर पावणेचार किलो. लांब चालणाऱ्या लोकांत एक ढोबळ हिशेब चालतो, की पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असावं. अण्णा बासष्ट किलोंचे. म्हणजे सहा किलोंपर्यंत चालेल. पण ही वरची मर्यादा झाली. ट्रक बरोबर असताना तिथपर्यंत जायचं कारणच काय? साडेचारशे किलोमीटर म्हणजे म्हाताऱ्या माणसाची जवळजवळ सात लाख पावलं. त्या प्रत्येक पावलाला ते ओझं गुडघ्यावर येतं. सात लाखांनी गुणून बघा, मग दुसरी छत्री आपोआप बाहेर निघते.

आता पिशवी. आपल्याकडे जुन्या वारकऱ्यांची पडशी असायची. दोन्ही टोकांना खोळ, मधला भाग खांद्यावर. एक खोळ पुढे, एक मागे. माझे वडील ती शिवताना दोन्ही खोळी अगदी सारख्या कापायचे, कारण तोल हीच तिची करामत होती. ओझं पुढेमागे वाटलं गेलं, की कमरेतून वाकावं लागत नाही. झोळी किंवा शबनम एकाच खांद्याला ओढते. तासाभराने खांदा बदलला तर किलोभरासाठी चालते, त्यापुढे मान तक्रार करते. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांना सारखं ओझं देते आणि हात मोकळे ठेवते. टाळकऱ्याला, पखवाजवाल्याला आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला हात मोकळे असणं हीच मोठी गोष्ट. तेव्हा पाठीवरचीच घ्यावी, पण लहान. अठरा ते बावीस लिटरची पुरते. शाळेच्या मोठ्या दप्तराएवढी म्हणा. पंचवीसच्या पुढे गेलात, की घरातले लाडू चाल करून येतात.

दुकानात गेल्यावर रंगाकडे आणि कप्प्यांकडे बघू नका. पिशवी पाठीला लावून बघा. मान खाली घातली, की मानेच्या मुळाशी एक हाड टोचतं. तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत आपल्या पाठीची लांबी. लहान पिशवीचा तळ या कडेच्या खाली लोंबता कामा नये. शाळेतली मुलं पट्टे सैल सोडून दप्तर पार खाली लटकवतात, तशी लटकली तर ती माणसाला मागे खेचते, आणि तोल सावरायला माणूस पुढे वाकतो. दिवसभर वाकून चाललं, की रात्री कंबर झोपू देत नाही. ओझं पाठीला जितकं चिकटून, तितकं हलकं वाटतं. म्हणून भरतानाही जड वस्तू पाठीच्या बाजूला, मधल्या उंचीवर ठेवावी. कपडे बाहेरच्या अंगाला.

पट्टे तीन बोटं रुंद असावेत, आणि खांद्याच्या गोलाईप्रमाणे थोडे वळलेले. आत फोम असतो, तो चिमटीत दाबून बघावा. दोन्ही बोटं एकमेकांना लागली, तर तो फोम नाशिक ओलांडायच्या आत बसणार. फार मऊ आणि फुगीर पट्टाही फसवा असतो. दुकानात उशीसारखा वाटतो आणि ओझं पडलं की चपटा होतो.

कमरेचा पट्टा मोठ्या सॅकला फार महत्त्वाचा. त्यामुळे ओझ्याचा बराच हिस्सा खांद्यावरून कमरेच्या हाडांवर उतरतो. पण त्यासाठी पिशवीच्या पाठीत ताठ पट्टी किंवा सांगाडा लागतो. लहान पिशवीत तो नसतो, त्यामुळे तिथे कमरेच्या पट्ट्याचं काम पिशवी हलू न देणं एवढंच. पावली खेळताना ते उपयोगी पडतं, एरवी सोडून ठेवला तरी चालतो. लुगडं किंवा साडी नेसलेल्या बायकांना तो निऱ्यांवर येतो आणि नकोसा होतो, त्यांनी तो नसलेलीच घ्यावी. छातीवरचा पट्टा खांद्यावरचे पट्टे घसरू देत नाही, म्हणून तो बरा. पण वारकरी नुसता चालत नाही, तो गातो. पट्टा करकचून आवळला तर श्वास पुरत नाही. दुकानात पिशवी पाठीला लावा, पट्टा बांधा आणि एक अभंग मोठ्याने म्हणा. दुकानदार हसला तर हसू द्या. अण्णांनी मेन रोडच्या दुकानात अख्खा अभंग म्हटला, तेव्हा दुकानदाराने हात जोडले आणि भावही थोडा उतरवला.

आता शिंप्याच्या पोराचं बोलणं ऐका. पिशवी फाटते ती कापडातून क्वचित, शिवणीतून नेहमी. खांद्याचा पट्टा जिथे वर पिशवीला जोडलेला असतो, तिथे बघा. नुसती एक सरळ शिवण असेल तर सोडून द्या. तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण हवी, किंवा दाट दाट टाक्यांची आडवी पट्टी हवी. मग पिशवी उलटी करून आत बघा. कापडाच्या कडा उघड्या आणि झिपऱ्या निघालेल्या असतील, तर घामाने आणि पावसाने त्या उसवत जातात. कडांना गोट लावलेला असेल, तर शिवणाऱ्याने मन लावून काम केलंय. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा ओला होऊन कुजतो.

कापडावर ‘सहाशे डेनियर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड आणि पिशवी जड. शाळेच्या दप्तराला सहाशेचं पॉलिएस्टर शोभतं, कारण मुलं ते फरशीवरून ओढतात. वारीत दोनशे ते चारशेचं चांगलं नायलॉन पुरेसं असतं. ते हलकंही पडतं. रिकामी पिशवी किलोभर भरली तर ती परत ठेवा. पाचशे-सहाशे ग्रॅम ठीक.

चेन दहा वेळा उघडून मिटून बघा, पिशवी पोटभर भरलेली असताना. रिकाम्या पिशवीची चेन सगळ्यांचीच नीट चालते. कोपऱ्यावर रनर अडखळला, तर तो वारीत दगा देणार. चिखल-धूळ बसू नये म्हणून चेनीवर कापडाची पट्टी असावी. कप्पे तीन पुरेत. एक मोठा, एक वरचा लहान, आणि बाजूला पाण्याचा. बाजूच्या कप्प्यातली बाटली पिशवी न उतरवता हाताला लागली पाहिजे. पाणी काढायला थांबावं लागलं, तर माणूस पाणी प्यायचंच टाळतो.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नका. कापडाला आतून एक लेप दिलेला असतो, त्याने कापड पाणी धरत नाही, हे खरं. पण शिवण म्हणजे सुईने पाडलेली शेकडो भोकं. पाणी तिथून आणि चेनीतून येतं. जुन्या पिशवीतला तो लेप दमट हवेत चिकट होऊन पापुद्रे धरतो, मग त्याचाही आधार राहत नाही. पिशवीवर घालायची टोपी मिळते, पण पाठीवरून ओघळणारं पाणी तिच्या आतल्या अंगाने शिरतंच. सगळ्यात भरवशाचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. पिशवीच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालायची, सामान तिच्यात भरायचं आणि तोंड पिळून बांधायचं. बाहेरची पिशवी भिजली तर भिजू दे. औषधं आणि फोन त्याच्याही आत, वेगळ्या लहान पिशवीत. आणि जुने वारकरी घेतात तसा प्लॅस्टिकचा मोठा कागद डोक्यावरून घेतला, की माणूस आणि पिशवी दोन्ही झाकली जातात. इरल्याचीच ही नवी आवृत्ती.

नवी पिशवी घ्यायला पैसे नसतील, तर अडून बसू नका. घरात नातवाचं जुनं दप्तर असतं. शिंप्याकडे न्या. पट्टे जोडलेल्या जागी फुलीची शिवण घालून घ्या, फोम बसला असेल तर आतून जुन्या चादरीच्या घड्या भरून घ्या, चेन बदलून घ्या. महागड्या पिशवीपेक्षा हे दप्तर कमी चालणार नाही. वारीत कोण कुठली पिशवी घेऊन आलाय हे कुणी बघत नाही. सगळेच एकमेकांना माउली म्हणतात.

आणखी एक गोष्ट. पाठीवरची पिशवीसुद्धा दुपारी झाडाखाली उतरते, कुणाच्या तरी पिशवीशी बदलते, कधी विसरते. म्हणून तिच्याही आत एक घर असावं. जुनी माणसं कमरेला कसा बांधायची. माझे मोठे मामू हजला गेले, तेव्हा वडिलांनी त्यांना असाच कमरपट्टा शिवून दिला होता. हजच्या वेळी पुरुष अंगावर बिनशिवलेली दोनच वस्त्रं घेतात, त्यांना खिसा नसतो. मग कागदपत्रं आणि पैसे त्या पट्ट्याच्या कप्प्यात. मोठी बॅग बसमधून पुढे जाते, पाठीवरची तंबूत राहते, पण पट्टा अंगावरून उतरत नाही. वारकऱ्यालाही तेच लागू. कमरेच्या कशात चार गोष्टी : थोडे पैसे, ओळखपत्राची प्रत, त्या दिवसाच्या गोळ्या आणि साखरेची पुडी. आणि एक चिठ्ठी. नाव, गाव, घरचा फोन, दिंडीचा क्रमांक आणि आजार. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही. ती बाई भेटली नसती तर अण्णांना साखर कमी झाली आहे हे कुणाला कळलं असतं? मधुमेह्याला असा घाम आणि कापरं भरलं आणि तो शुद्धीत असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर द्यावी आणि मागोमाग काही खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

पिशवी घेऊन झाली म्हणजे काम संपत नाही. तिची आणि आपली ओळख व्हावी लागते. आम्ही पावणेचार किलोंची भरती करून, तांदूळ-डाळीच्या पुड्या भरून, पहाटे अंबडहून पाथर्डी फाट्यामार्गे पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जायला लागलो. पहिल्या दिवशी डाव्या खांद्याला पट्टा घासला, तो दोन बोटं आवळला. तिसऱ्या दिवशी कळलं, की बाटली उजवीकडे आणि टाळाची दोरीही उजवीकडे, दोन्ही गुंततात. बाटली डावीकडे गेली. पंधरा दिवसांत अण्णा अंधारात चाचपडून साखरेची पुडी काढायला शिकले. पिशवीच्या आधी चपला-बूटही असेच पायात मुरवून घ्यावेत. वारीच्या आदल्या दिवशी आणलेली कुठलीच वस्तू वारीला नेऊ नये, हा साधा नियम.

वहिनींची परीक्षा मात्र अवघड होती. त्यांनी पिशवी घेतली, डोळे मिटले आणि अण्णांना म्हणाल्या, ‘‘मला चक्कर आली असं समजा. काढा साखर.’’ अण्णांनी कमरेला हात घातला आणि दोन श्वासांत पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली. वहिनींनी डोळे उघडले. म्हणाल्या, ‘‘जा.’’ आणि आत जाऊन रडल्या. मी अंगणात चपला शोधायचं निमित्त केलं.

२०२३ च्या वारीत मी सातपूरपासून सिन्नरच्या पुढपर्यंत अण्णांबरोबर चाललो. गेल्या वर्षी ते जिथे भलतीकडे वळले होते, त्या ठिकाणी आम्ही दहा मिनिटं बसलो, पाणी प्यायलो. पुढे मी एसटीने परतलो, ते पंढरपूरला पोचले. पंचवीस दिवसांत त्यांनी पिशवी एकदाही ट्रकमध्ये टाकली नाही.

परत आल्यावर ते पिशवी घेऊन माझ्याकडे आले. एका पट्ट्याची शिवण थोडी सैल झाली होती. वडिलांचं मशीन अजून घरात आहे, त्यावर मी ती पुन्हा पक्की केली. कमरेचा कसा बघितला, तर साखरेची पुडी रिकामी. मी दचकलो. विचारलं, ‘‘अण्णा, पुन्हा त्रास झाला?’’ ते म्हणाले, ‘‘मला नाही, भाई. मिरजगावच्या अलीकडे एकजण रस्त्याच्या कडेला बसला होता. घामाने भिजलेला. माझ्या लगेच ध्यानात आलं.’’

श्रोतेहो, ज्येष्ठ लागायला अजून अवकाश आहे. तुमच्या घरातून कुणी निघणार असेल, तर आज सतरंजी अंथरा, सामान मांडा आणि दोन ढीग करा. पिशवी त्यानंतर घ्या. आणि साखरेची पुडी भरताना एक नव्हे, दोन भरा.